सातव्या खांबावर कोणीच नव्हतं

१

“आणि पहिला नंबर... प्रिन्स!”

मी माइकवर दणक्यात ओरडलो आणि दुसऱ्याच क्षणी माइक खाली घेतला.

निकालाच्या वेळी आमच्या मैदानावर जो गलका उठतो, तो उठलाच नाही. दीडशे माणसं पुतळ्यासारखी उभी. कडेच्या टपरीवर तळणीत केळी चरचरत होती, तेवढाच आवाज.

कारण प्रिन्स गुरुवारी मेला होता.

प्रिन्स म्हणजे बिसून झगरूचा ट्वाट्वा, आमच्या सुरिनाममधला गाणारा पक्षी. मूठभर जीव, काळाभोर, जाड चोचीचा, आणि गळा असा की भल्याभल्यांनी आपले पिंजरे झाकून घरी न्यावेत. सलग तीन वर्षं आमच्या निकेरी गावाचा मान त्याच्याकडे होता. गुरुवारी सकाळी बिसूननं पिंजऱ्यावरचं फडकं काढलं, तर प्रिन्स तळाशी पडलेला. अर्धं गाव त्याच्या मातीला गेलं होतं. बिसूनच्या अंगणात, चिकूच्या झाडाखाली. मी स्वतः मूठभर माती टाकून आलो होतो.

आणि आता मीच त्याला पहिला म्हणून पुकारला होता.

“रुबेन, सकाळी सकाळी रम घेतलीस का रे?” मागून कुणीतरी म्हणालं.

मी लॅपटॉपच्या पडद्याकडे पुन्हा पाहिलं. मुख्य पंच सादिमिनकाकांनी बटण दाबलं होतं आणि तक्ता आपोआप गुणांच्या क्रमानं लागला होता. पहिला प्रिन्स, मालक बिसून झगरू, गुण दोनशे एकतीस. दुसरा डायमंट, मालक ओर्लांडो. मग बाकीचे. आणि सगळ्यात खाली कप्तान, मालक लुसियन. गुण शून्य.

“शून्य?” लुसियन गर्दी फाडत पुढे आला. टॅक्सी चालवतो आणि बोलतोही हॉर्न वाजवल्यासारखा. “माझा कप्तान घसा फुटेस्तोवर गायला, त्याला शून्य? आणि मेलेल्याला पहिला नंबर?”

आता गलका उठला. आणि असा उठला की पिंजऱ्यातले तेराच्या... नाही, बाराच्या बारा पक्षी गप्प झाले.

२

त्या रविवारची सकाळ नीट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

इतर ठिकाणी दोन-दोन पक्ष्यांच्या जोड्या लावतात, तशा आमच्या संघात लावत नाहीत. मैदानात ओळीनं लोखंडी खांब आहेत, प्रत्येक खांबाला आकडा आणि आकड्याखाली पिंजरा. सगळे पक्षी एकदम गातात आणि पाव तासात कोण किती ताना घेतो ते पंच मनात मोजतात. मुख्य पंच तेवढे गावचे, बाकीचे पंच परगावचे, शेजारच्या कोरोनी जिल्ह्यातून येतात. पक्षी कुणाचा ते त्यांना सांगत नाहीत. ते मोबाइलवर खांबाचा आकडा बघून गुण टाकतात, जेवतात आणि जातात. खांबांच्या चिठ्ठ्या बुधवारी संध्याकाळी क्लबात निघाल्या. तेव्हा बारा पक्षी होते. प्रिन्सला सातवा खांब आला होता.

मेल्यावर कुणी तो खांब दुसऱ्याला दिला नाही. सकाळी पाहिलं तर बिसूननं तिथं काळी फीत बांधलेली. स्वतः लांब बाकावर बसला होता, पायांत घरातल्या सपाता, हात रिकामे. बिसूनचे हात रिकामे मी कधी पाहिले नव्हते.

ओर्लांडो उशिरा आला. त्याची भाताची गिरणी आहे आणि संघाची नावनोंदणीही तोच बघतो. नवा पक्षी आणायला तो बुधवारी रात्रीच वर जंगलाकडे गेला होता. तिथून परस्पर नदीकाठच्या गाडीनं मैदानावर येऊन त्यानं तो नवा पक्षी, डायमंट, तेराव्या, म्हणजे शेवटच्या खांबावर टांगला. उशिरा नाव देणाऱ्याला शेवटचा खांब, हा नियमच आहे. मग माझ्या शेजारी सूप प्यायला आला.

“सात नंबरचा प्रिन्स आळशी झाला का रे? अजून पत्ता नाही?” तो म्हणाला.

“प्रिन्स गेला रे. गुरुवारी.”

वाटीतलं गरम सूप त्याच्या मनगटावर सांडलं. त्यानं हात झटकलासुद्धा नाही. तसाच उठून सादिमिनकाकांकडे गेला. मला वाटलं, लागलं बिचाऱ्याच्या मनाला.

गाणं सुरू झालं आणि अंगावर काटा आला. बारा गळे एकदम! मधेच रस्त्यावर कुणाच्या तरी मोपेडनं बंदुकीसारखा फट्ट आवाज काढला आणि सगळं मैदान गप्प झालं. फक्त एक पक्षी थांबला नाही. रिकाम्या खांबाच्या पलीकडून त्याची तान तशीच चालू होती, जणू काही झालंच नाही. लोकांनी माना वळवल्या. तेवढ्यात बाकीचेही गाऊ लागले आणि ते तसंच राहून गेलं.

तर असा सगळा प्रकार. आणि आता लुसियननं बिसूनची कॉलर धरली होती.

“मेला म्हणून रडलास, आमच्याकडून फुलं घेतलीस! खरं सांग, कुणाच्या पिंजऱ्यात घालून गाववलास त्याला?”

“लुसियन, मी त्याला माझ्या हातानं पुरलंय,” बिसून म्हणाला. एवढंच म्हणाला.

“काय पुरलंस ते बघू ना! रिकामी पेटी पुरली असशील. चला रे! फावडं आणा!”

आणि खरंच कुणीतरी फावडं आणलं.

३

वीस-पंचवीस जण बिसूनच्या अंगणात घुसले. चिकूखाली ओल्या मातीचा छोटासा उंचवटा होता, वर जास्वंदीची सुकलेली फुलं. लुसियननं फावडं उचललं.

“आधी माझ्या पायावर मार. मग खाली जा.”

उंचवट्यावर हर्मिनामावशी उभी होती. एका हातात सूपची वाटी, दुसऱ्या हातात चमचा. आमच्या आधी कुठल्या वाटेनं पोचली कोण जाणे.

हर्मिनामावशी तीस वर्षं नदीच्या धक्क्यावर जकात अधिकारी होती. पलीकडच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या माणसाच्या चालीवरून ती त्याच्या पिशवीत काय आहे ते सांगायची. निवृत्त झाल्यावर दर रविवारी मैदानावर यायची ती फक्त कोंबडीच्या साओतो सूपसाठी. पक्ष्यांचं तिला काडीचं कौतुक नव्हतं.

“बाजूला हो मावशी. हा पुरुषांचा मामला आहे,” लुसियन म्हणाला.

“पुरुषांचाच आहे. म्हणूनच एवढा मूर्खपणा चाललाय. समजा, खणलंस आणि आत पक्षी निघाला. मग काय करशील? बिसूनच्या पाया पडशील?”

लुसियननं फावड्यावरची मूठ बदलली.

“आणि पक्षी जिवंत असता, तर तो मेल्याचं नाटक करून त्याच मेलेल्या नावानं पहिला नंबर घेईल एवढा बिसून वेडा आहे का? लबाडी करणारा माणूस दुसरं नाव घेतो रे बाबा. धक्क्यावर एकही चोर मला स्वतःच्या नावाची पिशवी घेऊन भेटला नाही.”

कुणीतरी हसलं. लुसियनचं फावडं खाली आलं.

“पण मावशी, एक वाजता गाडी सुटते,” मी म्हणालो. “पहिल्या दोघांनी राजधानीला, पारामारिबोला जायचं आहे. उद्या सुटीच्या दिवशी देशाचा सामना. नावं कळवली नाहीत तर निकेरीचं नाव यादीतून जाईल. कुणाची कळवू? मेलेल्याचं?”

“एकला ना? वेळ आहे अजून.” मावशीनं सूपचा शेवटचा घोट घेतला. “त्या तक्त्यात नावं कोण कोण लिहू शकतं?”

“समितीचे चौघं. सादिमिनकाका, लुसियन, बिसून आणि ओर्लांडो. खातं एकच, पासवर्ड एकच. कोणी काय केलं ते कळायची सोय नाही.”

“छान. एका कुलपाला चार किल्ल्या आणि चौघंही साधू.” ती उंचवट्यावरून अलगद उतरली, विस्कटलेली फुलं चमच्यानं सारखी केली. “बिसून, तू इथंच बैस. ह्या मातीला कोणी हात लावला तर मला सांग. लुसियन, तू चल माझ्याबरोबर. आणि फावडं ठेव ते, हातात शोभत नाही.”

४

परत येताना मावशीनं लुसियनला एकच प्रश्न विचारला. “कप्तान कितव्या खांबावर होता?”

“सहाव्या. का?”

“आणि त्याच्या किती ताना झाल्या?”

“दोनशेच्या वर! मी मोजल्यात. माझ्या बायकोनं मोजल्यात.”

“सगळ्यांच्याच बायका दोनशेच्या वर मोजतात,” मी म्हणालो. लुसियननं माझ्याकडे असं पाहिलं की मी चार पावलं मागे पडलो.

मैदानाच्या फाटकाशी मारीस्का आपला पिंजरा मोटारसायकलला बांधत होती. धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करते ती. हातांवर कायम काळं तेल. यंदा पहिल्यांदाच उतरली होती आणि तिच्या पक्ष्याचं नावही तिनं ठेवलं होतं मोटर. बायामाणसांनी ट्वाट्वा गाववायचा म्हणजे काय, म्हणून लोकांनी आधीच तोंडं वाकडी केली होती. निकालात तिचा नववा नंबर होता.

“निघालीस?” मावशीनं विचारलं.

“एक इंजिन खोलून ठेवलंय मावशी. इथं थांबून काय करू?”

“तुझा खांब कुठला होता ग?”

“आठवा. रिकाम्या खांबाच्या शेजारचा.” तिनं दोरी आवळली. थोडं थांबून म्हणाली, “माझ्या मोजण्यात जास्त होते. पण सगळे तसंच म्हणतात ना.”

ती गेली. मावशी तिच्या धुराकडे बघत राहिली.

मैदानावर सादिमिनकाका लॅपटॉपपुढे ताठ बसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पांढरा कडक सदरा. आयुष्यात कुणाला एक गुण फुकट दिला नाही.

“संशय माझ्यावर असेल तर स्पष्ट बोल, हर्मिना.”

“तुमच्यावर कशाला? गुणांची किल्ली तुमच्याकडेच आहे. तुम्हाला कुणाला जिंकवायचं असतं तर सरळ आकडाच बदलला असता. मेलेल्याला उठवायची यातायात कशाला केली असती? मला फक्त तक्ता समजावून सांगा.”

काका जरा सैलावले. “डावीकडे पक्षी आणि मालक. उजवीकडे खांब आणि गुण. उजवी बाजू पंचांची, तिला कुलूप. माझ्याशिवाय समितीत कुणालाच तिथं हात लावता येत नाही. डावी बाजू समितीची. ती आज पहाटे मी बंद केली.”

“म्हणजे पंच नाव बघत नाहीत, खांब बघतात. आणि नाव लिहिणारा गुण बघत नाही. दोन्ही बाजू एकमेकींना भेटतात कधी?”

“मी बटण दाबतो तेव्हा.”

“आणि पहाटेनंतर कोणी तुम्हाला सांगितलं का, डावी बाजू उघडा म्हणून?”

काका चमकले. “हो. ओर्लांडोनं. मेलेल्याचं नाव यादीत ठेवणं अशुभ आहे म्हणाला, काढून टाकू द्या. फारच मागे लागला होता. पण एकदा बंद केलेली यादी उघडायची नाही, हा नियम आहे. मी नाही म्हणालो.”

मावशी हसली. तिचं हसू पाहून धक्क्यावर माणसं आपणहून पिशव्या उघडायची, असं म्हणतात. मला आता ते खरं वाटलं.

“रुबेन,” ती म्हणाली, “सूपवाल्या बाईला सांग, सहा वाट्या भर. आणि सगळ्यांना बोलाव.”

“सहा? एवढी भूक?”

“खायला नव्हेत रे. मेलेला पक्षी कसा गायला ते दाखवायला.”

५

टपरीपुढे लांब बाक आहे, समोर लांब टेबल. मावशीनं टेबलावर ओळीनं सहा वाट्या मांडल्या. पहिली काठोकाठ भरली. दुसरीत काहीच ओतलं नाही. तिसरी इतकी भरली की सूप काठावर थरथरत होतं. चौथी अर्धी, पाचवी त्याहून कमी. सहावीत तळाला घोटभर.

सगळं मैदान भोवती गोळा झालं. ओर्लांडोही होता, मागे, छातीशी हात बांधून.

“ह्या वाट्या म्हणजे गुण,” मावशी म्हणाली. “टेबलाला खिळ्यानं ठोकलेल्या समजा. कुणी हलवायच्या नाहीत. ही पहिली म्हणजे सहावा खांब. लुसियन, बैस तिच्यापुढे. तुझा कप्तान झकास गायला, वाटी भरलेली.”

लुसियन बसला. जरा खूषही झाला.

“दुसरी म्हणजे सातवा खांब. तिथं कोणीच नव्हतं, म्हणून रिकामी. पण यादीत नाव आहे. बिसूनच्या जागी... रुबेन, तू बैस. तिसरी, आठवा खांब. मारीस्काची. सूपवाली बाई, तुम्ही बसा.” पुढच्या दोन वाट्यांपुढे तिनं भोवतालच्या दोघांना बसवलं. “आणि ही शेवटची, घोटभर, तेराव्या खांबाची. मधले खांब धरून चाला. इथं बसणार तो उशिरा आलेला. ओर्लांडो, ये ना. बैस.”

ओर्लांडो आला. चालताना त्याची मान ताठ होती, जरा जास्तच ताठ.

“आता ज्याच्यापुढे जी वाटी, ती त्याची. बरोबर? हा झाला खरा निकाल. आता बघा हां. ओर्लांडो, ऊठ. तिथं बसू नकोस. इकडे ये आणि लुसियनच्या वरच्या अंगाला घूस. घूस की! बाकीच्यांनी एकेक जागा खाली सरका.”

लुसियननं शिवी हासडली, पण सरकला. आम्ही सगळे सरकलो. बाक करकरला.

“समोर बघा,” मावशी म्हणाली.

मी समोर पाहिलं. लुसियनपुढे रिकामी वाटी होती. माझ्यापुढे, म्हणजे मेलेल्या प्रिन्सपुढे, काठोकाठ थरथरणारी. आणि लुसियनच्या भरल्या वाटीपुढे ओर्लांडो बसला होता.

“अरे देवा,” सादिमिनकाका पुटपुटले.

“वाट्या जागच्या जागी राहिल्या. माणसं सरकली. तक्त्यात नेमकं हेच झालंय. नावांच्या बाजूला कुणीतरी मधेच एक ओळ घातली. डावी बाजू एक घर खाली घसरली. उजवीला कुलूप, ती हलली नाही. ओळ शेवटी घातली असती तर काहीच बिघडलं नसतं. काका, तक्ता खांबांच्या क्रमानं लावा. सहाव्या खांबापुढे कुणाचं नाव आहे?”

काकांनी पडद्यावर बोट टेकवलं. “डायमंट.”

“सातव्या रिकाम्या खांबापुढे?”

“कप्तान. शून्य. आठव्यापुढे प्रिन्स.” त्यांनी चष्मा काढला. “आणि तेराव्यापुढे बाराव्याचं नाव.”

“आणि डायमंट टांगलेला होता तेराव्यावर. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलाय.”

गर्दीतून असा आवाज उठला, जसा पूर आल्यावर नदीला येतो. लुसियन ताडकन उठला. मी त्याची पँट मागून धरून ठेवली.

६

“चूक झाली असेल,” ओर्लांडो म्हणाला. “मोबाइलवर लिहिलं मी. प्रवासात होतो. बोट इकडचं तिकडं पडलं असेल. त्यात काय एवढं?”

“पडलं असेल,” मावशी शांतपणे म्हणाली. “यादी संपते तिथली जागा मोकळीच असते. तिथं नुसतं नाव लिहायचं. मधे ओळ घालायची तर आधी जागा निवडावी लागते, मग ओळ उघडावी लागते, मग लिहावं लागतं. बोट एकदा घसरतं रे, तीनदा घसरत नाही. आणि घसरून पडलं कुठं, तर बरोबर कप्तानच्या डोक्यावर! गावात प्रिन्सच्या खालोखाल ज्याचा गळा, त्याच्या. प्रिन्सची जागा का घेतली नाहीस ते मात्र मला कळलं नाही.”

ओर्लांडोनं बाही मनगटावर ओढली.

“बरं, राहू दे. चूक झाली म्हणतोस तर आज सकाळी काकांना ‘काका, माझी ओळ चुकीच्या जागी पडली’ असं का नाही सांगितलंस? ‘मेलेल्याचं नाव काढू द्या’ का म्हणालास? एकदा यादी उघडून घ्यायची होती तुला. कारण रिकामा खांब बघितलास आणि तुला कळलं, की आता कुणाच्या तरी नावापुढे शून्य येणार आणि मेलेल्याच्या नावापुढे गुण. सगळं फुटणार.”

“मग माझी ओळ मागाहून दुसऱ्या कुणी वर नेली असेल!” ओर्लांडोचा आवाज चढला. “किल्ल्या चौघांकडे होत्या!”

“होत्या. पण चौघांपैकी तिघं गुरुवारी चिकूखाली उभे होते. प्रिन्स मेलाय हे माहीत असलेला माणूस ही युक्ती करेलच कशी? कप्तानची ओळ खाली सरकवायची म्हणजे त्याला रिकाम्या खांबावर नेऊन बसवायचं. शून्य आलं की आरडाओरडा होणारच. हे ज्यानं केलं, त्याच्या मते सातव्या खांबावर प्रिन्स गात होता. कप्तानला प्रिन्सचे गुण मिळाले असते, लुसियन खूष होऊन नाचला असता, प्रिन्सचा आज दिवस नव्हता म्हणून बिसून पिंजरा झाकून घरी गेला असता आणि कुणी तोंड उघडलं नसतं. निकेरीत ही बातमी माहीत नसलेला एकच माणूस होता. रुबेन, सकाळी सूप पिताना ह्यानं तुला काय विचारलं?”

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मला माइक नसताना बोलायची सवय नाही.

“सात नंबरचा प्रिन्स आळशी झाला का रे, म्हणाला,” मी सांगितलं.

ओर्लांडो समोरच्या भरल्या वाटीकडे बघत होता.

“जंगलात फोनला रेंज नव्हती,” तो शेवटी म्हणाला. “काल संध्याकाळी आली. ग्रुपवर ढीगभर निरोप होते. म्हटलं तुमची रोजची भांडणं असतील. उघडलेच नाहीत.” मग एकदम त्याचा चेहरा उतरला. “प्रिन्सही खाली घसरणार हे कळत होतं, पण त्याचेच गुण माझ्या नावावर घेववले नाहीत मावशी. बिसून माझ्या मुलाचा धर्मपिता आहे. आणि दुसराच नंबर हवा होता मला, पहिला नकोच होता. क्लबात माझ्या बापाचा फोटो लावलाय, हातात ढाल घेतलेला. बावीस वर्षं मी त्या फोटोखाली पत्ते खेळतोय. एकदा पारामारिबोच्या मैदानावर उभं राहायचं होतं. एकदाच.”

लुसियन काहीतरी जहरी बोलणार होता. मी पाहिलं, त्याचं तोंड उघडलं होतं. पण मग त्यानं ते मिटलं आणि ओर्लांडोपुढची भरलेली वाटी ओढून आपल्यापुढे घेतली.

“डायमंटला वर्षभर बंदी. तुला पाच वर्षं,” सादिमिनकाका म्हणाले. “आणि बिसूनपुढे जाऊन उभा राहा. काय बोलायचं ते तुझं तू बघ.”

ओर्लांडो उठला आणि चिकूच्या झाडाच्या दिशेनं चालू लागला. कोणी वाट अडवली नाही.

काकांनी तक्ता नीट केला आणि बटण दाबलं. मी पडद्यावर वाकलो.

दुसरा कप्तान. आणि पहिला...

“मावशी!” मी किंचाळलो. “ती मोपेड फुटली तेव्हा जो थांबला नाही तो! आठवा खांब! मोटर!”

“मग माझं तोंड काय बघतोस? गाडी सुटायला आलीय. धक्क्यावर पळ!”

७

लुसियननं टॅक्सी अशी हाणली की बाजारातल्या दोन कोंबड्या आयुष्यभर विसरणार नाहीत. मागच्या सीटवर मी, मावशी, आणि तिच्या मांडीवर कप्तानचा पिंजरा.

“हा माझ्यावर शिटला,” मावशी म्हणाली.

“आवडलीस त्याला,” लुसियन म्हणाला.

धक्क्यावर मारीस्का एका बोटीत उभी होती, कोपरापर्यंत तेलात. इंजिन असं धडधडत होतं की आम्ही ओरडलेलं तिला ऐकूच जाईना. आणि शेजारच्या खुंटीला टांगलेला मोटर त्या धडधडाटात, धुरात, आपला गात होता! त्याला मोपेडच्या फट्टनं काय होणार?

तिनं इंजिन बंद केलं. “काय झालं? कुणी बुडालं का?”

“तू पहिली!” मी म्हणालो. “पहिली! दोनशे एकतीस!”

तिनं हात पुसायला चिंधी घेतली, पण पुसलेच नाहीत. “दोनशे चौतीस,” ती म्हणाली. “मी मोजलेत.” आणि मग बोटीतच मटकन बसली, तोंडावर तेलाचे हात घेऊन, आणि हसत होती की रडत होती ते देवालाच ठाऊक.

आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा गाडीचं इंजिन चालू होतं. संघाची सगळी मंडळी फाटकाशी उभी. सकाळी तोंडं वाकडी करणारेच आता मारीस्काचा पिंजरा हातोहात पुढे देत होते. कुणीतरी शेंगदाण्याची चटणी लावून तळलेली केळी तिच्या खिशात कोंबली.

तिनं एक पाय पायरीवर ठेवला आणि थांबली.

“मला तिथलं काहीच माहीत नाही,” ती हळूच म्हणाली. “पहाटे पक्ष्याला कुठं फिरवायचं, फडकं कधी काढायचं, काय खायला घालायचं... लुसियनभाऊ, सांगाल ना?”

“मी? माझ्या प्रतिस्पर्ध्याला?” लुसियन म्हणाला. “छान ग बाई!”

लोक हसले. तेवढ्यात गर्दीच्या मागून कुणीतरी पुढे आलं. बिसून होता. डोळे सुजलेले, पायांत अजून त्याच सपाता. पिंजऱ्यापाशी आला आणि वाकून मोटरकडे बघत राहिला. मोटरनं मान तिरकी केली आणि त्याच्याकडे बघितलं.

“फडकं फार जाड आहे,” बिसून म्हणाला. “गुदमरेल तो. आणि कॉपेनाम नदीच्या पुलावर वारा असतो, तिथं पिंजरा मांडीवर घ्यायचा, टांगायचा नाही.”

“बरं काका.”

“पाणी घरचं घेतलंयस का? तिकडच्या पाण्यानं गळा बसतो.”

मारीस्कानं मान हलवली. नव्हतं घेतलं.

बिसूननं सुस्कारा टाकला. तिच्या हातातून पिंजरा घेतला आणि गाडीत चढला.

“अरे बिसून, सपाता घालून पारामारिबोला निघालास?” मी ओरडलो. “कपडे? जेवण?”

“पाणी!” त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला. “आधी पाणी द्या रे! माझ्या घरचं, मागच्या पिंपातलं! पळा!”

आणि अर्धं निकेरी बाटल्या घेऊन पळत सुटलं.